सासुरवाडीवर एक घिरटी

ज्याला विमान चालवण्याचा नाद आहे त्याने लग्न करू नये, आणि केलंच तर सासुरवाडी विमानाच्या टप्प्याबाहेरची पाहावी, असं माझं ठाम मत आहे. आमच्या शेजारच्या झुंबरबाईंचं मत याच्या अगदी उलट आहे. पण झुंबरबाईंची मतं सगळ्याच बाबतीत उलट असतात आणि वैताग असा, की पुष्कळदा तीच खरी निघतात.

मी वरवट बकालच्या हायस्कुलात भूगोल शिकवतो आणि रविवारी विमान चालवतो. हे वाक्य परगावी कुठे उच्चारलं की समोरचा माणूस आधी माझ्या टोपीकडे बघतो, मग माझ्या छत्रीकडे बघतो आणि "बरं, तिकडं पाऊसपानी कसं काय?" असं विचारून विषय बदलतो. पण गोष्ट खरी आहे. नागपूरला कॉलेजात होतो तेव्हा कोणाला नाटकाचा नाद लागला, कोणाला पानाचा. मला फ्लाइंग क्लबचा लागला. एक वेळ जेवून मी विमान शिकलो. लायसन हातात पडलं आणि पाठोपाठ नोकरीही लागली, ती वरवट बकालला, जिथून आकाश भरपूर दिसतं पण तिथे जायची काही सोय नाही. मी वर्गात पोरांना मतलई वारे आणि खारे वारे शिकवायचो आणि मनातल्या मनात एकेका वाऱ्यावर बसून यायचो.

सोय केली ती हिंमतरावांनी. हिंमतराव म्हणजे गावातले मोठे जमीनदार, जिनिंगही त्यांचंच. महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि जो तो काहीतरी नवीन करायच्या मागे होता. कोणी सोसायटी काढली, कोणी विहिरीवर इंजिन बसवलं. हिंमतरावांनी लिलावात एक जुनं विमान घेतलं. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, वरून औषध फवारायचं असा बेत होता. फवारणीचं यंत्र कुठल्याशा गोदीत अडकलं ते अडकलंच. विमान तेवढं आलं. दोन पंख वर, दोन खाली, सगळं कापडाने मढवलेलं, एकामागे एक अशा दोन उघड्या बैठका, आणि पुढच्याने मागच्याशी बोलायला एक रबरी नळी. हिंमतराव स्वतः त्यात एकदाही बसले नाहीत. "मले जमिनीवरच लय कामं हायेत," म्हणायचे. पण मला बोलावून त्यांनी सांगितलं, "मास्तर, घोडं बांधून ठेवलं का अकडते. तुमी दर रविवारी याले जरा फिरवून आनत जा."

पगार काही नव्हता. एक ग्लास लिंबाचं सरबत आणि वरचं सगळं आकाश. मी त्यांच्या पाया पडायचाच बाकी होतो.

पहिल्या रविवारी पंचक्रोशी लोटली. कोणी नारळ फोडला, कोणी विमानाच्या नाकाला कुंकू लावलं. दुसऱ्या रविवारी निम्मे लोक आले. पुढे पुढे तर गावातली कुत्रीसुद्धा वर बघेनाशी झाली. त्याचं मला एवढं दुःख नाही. दुःख याचं आहे, की लोकांनी मला कामाला लावलं. मी कानटोपी घालून, गॉगल कपाळावर चढवून, एखाद्या संन्याशासारख्या तंद्रीत विमानाकडे निघालेला असायचो आणि कुंपणावरून झुंबरबाईंचा आवाज यायचा, "मास्तर, वर चालले काय? मंग आमची म्हैस पाहजा बरं. कालपासून पत्ता नाई तिचा." म्हैस मी शोधून द्यायचो, कारण ती दिसायचीच. नंतर तर शेगावकडची एस.टी. निघाली का, कोणाच्या मळ्यात मोटेचं पाणी चालू आहे का, अशी चौकशी सुरू झाली. वैमानिक म्हणून माझी जी काही प्रतिष्ठा होती ती म्हशीच्या शेपटीला बांधली गेली.

पण एकदा वर गेलं की हे सगळं खाली राहायचं. सकाळी उत्तरेला सातपुडा निळा, इतका फिकट, की आहे म्हणावं तर आहे. दक्षिणेला पूर्णेचं पात्र. गावागावांवर चुलींचा धूर बसलेला. वरून बांध दिसतात, पण बांधावरून चाललेले दावे दिसत नाहीत. एखादी बैलगाडी चालली आहे की थांबली आहे हे कळत नाही. थोड्या वेळाने इंजिनाचा आवाज कानाला ऐकू येईनासा होतो आणि मग आपण वरवट बकालचे मास्तर आहोत हेही नीटसं आठवत नाही. मला फार सुख वाटायचं. घरी आल्यावर हे सगळं मी बायकोला सांगायचा प्रयत्न करायचो, आणि सरस्वती डाळ निवडत ऐकायची.

एका रविवारी तिने डाळीतून मान वर न करता विचारलं, "वरून धामणगाव दिसते काय हो?"

धामणगाव बढे हे तिचं माहेर, म्हणजे माझी सासुरवाडी, आणि त्या गावाचं नाव आमच्या घरात काढायचं नाही असा मी नियम केलेला होता. कारण सांगतो. अधिक महिन्यात जावई म्हणून मला तिकडे जेवायला बोलावलं होतं. पंगतीत मोठे जावई फौजदार. तुपाची वाटी त्यांच्या पुरणपोळीवर अशी काही ओतली गेली, की माझ्यापर्यंत येईतो ती रिकामी. वाटी रिकामी होते, त्याचं काही नाही. पण माझा मेहुणा उकंडराव सगळ्यांसमोर म्हणाला, "जाऊ द्या. मास्तरले तुपाचं काय, ते तं खडूवर जगतेत." पंगत हसली. फौजदारसुद्धा हसले. मी ताटावरून उठलो आणि उंबरठ्याबाहेर उभं राहून जाहीर केलं, की या गावच्या मातीला मी पुन्हा पाय लावणार नाही.

उकंडरावही काही कमी नाही. "जवाई अन्नावरून उठला. आता त्यानं बोलावल्याबिगर मी बहिनीले न्यायले जानार नाई," असं त्याने सांगून टाकलं. आणि भाऊ न्यायला आल्याशिवाय लेकीनं माहेरी जायचं नाही, ही आमच्याकडची रीत. त्यामुळे मी बोलावत नव्हतो, तो येत नव्हता, आणि सरस्वती किती दिवाळ्या दारातून रस्त्याकडे बघत होती ते मी मोजलं नाही. तिची म्हातारी आई तिकडे होती. सरस्वती कधी काही बोलली नाही, हा भाग मला जास्त टोचायचा.

"दिसत असेल," मी म्हणालो. "मी बघितलं नाही."

हे बोलणं भिंतीपलीकडे झुंबरबाईंनी ऐकलं. त्यांच्या घरात आमच्या घरातलं सगळं ऐकू जातं, उलट मात्र होत नाही. त्या लगेच आल्या आणि निवाडा दिला. "मास्तर, तुमी शपथ मातीची घेतली ना? हवेची तं नाई? मंग वरून पाहाले काय हरकत हाय? घ्या ना बिचारीले संगं. माय दिसली तं दिसली."

मला हे तर्कशास्त्र एकदम पटलं. इतकं पटलं, की ते मला आधी का सुचलं नाही याचा राग आला.

बाईमाणसाला बसवायचं तर सरकारी परवानगी हवी, असं हिंमतरावांनी ऐकलं होतं. म्हणून मी एक दिवसाची रजा टाकून एका कार्यालयात गेलो. तिथल्या कारकुनाने विचारलं, "विमान कुठं उतरनार?"

"कुठंच नाही. वरवट बकालहून निघून वरवट बकालला परत."

"मंग जाता कशाले?"

"बघायला."

"काय पाहाले?"

"बायकोचं माहेर."

त्याने पेन खाली ठेवलं. "बायकोच्या माहेरी लोकं एस.टी.नं जातेत, मास्तर." मग ज्या गावावरून जाणार त्या ग्रामपंचायतीची हरकत नाही असा दाखला लागेल म्हणाला. दाखला मागायचा म्हणजे गावात जायचं, म्हणजे मातीला पाय. मी त्याला सगळी हकीकत सांगितली. तो स्वतः कुठलातरी जावई होता. तुपाची वाटी रिकामी झाल्याच्या जागी त्याचे डोळे पाणावले. "असं करा," तो म्हणाला, "तिथं उतरनार नाई असं लिहून द्या. मी शिक्का मारतो." मी माझ्या फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं: कोणत्याही परिस्थितीत मौजे धामणगाव बढे येथे उतरणार नाही. खाली सही केली आणि मानाने परत आलो.

रविवारी सरस्वती लग्नातला शालू नेसून आली. झुंबरबाईंनी चाकाला लिंबू-मिरची बांधली, मला दही खायला लावलं आणि एक बोचकं सरस्वतीच्या मांडीवर ठेवलं. त्यात तिळाचे लाडू, हळद आणि आईसाठी एक लुगडं. "वरून टाकून देजो बाई. माय झेलीन." हिंमतरावांनी हिशेबाने पेट्रोल घातलं होतं, जायला, यायला आणि वर एक घिरटी.

आम्ही निघालो. पूर्णा ओलांडली. रेल्वेच्या रुळांवरून एक मालगाडी चालली होती आणि तिची सावली तिच्याशेजारून चालली होती. सरस्वती पुढच्या बैठकीत होती. मला तिची फक्त पाठ आणि कानटोपीबाहेर आलेला शालूचा पदर दिसत होता. ती घाबरेल असं मला वाटलं होतं. बऱ्याच वेळाने नळीतून आवाज आला, "अहो, तुमी सांगत होते ते खरं हाय." बस, एवढंच. इतकी वर्षं डाळ निवडत तिने ते सगळं ऐकलं होतं. मला इतका आनंद झाला, की मी थोडा वेळ विमान वाकडं चालवलं.

समोर अजिंठ्याच्या डोंगराची रांग आली, म्हणजे ज्याला आम्ही घाट म्हणतो तो, आणि त्याच्या पायथ्याशी धामणगाव. सरस्वतीने आधी देऊळ ओळखलं, मग वेस, मग घर. आणि बोचकं टाकलं. तिळाचे लाडू झुंबरबाईंच्या देखरेखीखाली वळलेले होते, त्यामुळे उकंडरावाच्या पडवीची कौलं फुटली. त्या आवाजाने सगळा गाव बाहेर आला. पोरं धावली, म्हातारे काठ्या टेकत आले, उकंडराव आमच्या दिशेने मूठ हलवू लागला. सगळे आले, पण सासूबाई आल्या नाहीत.

"माय नाई दिसली," नळीतून आवाज आला. "आनखी एक घिरटी घ्या ना."

मी घेतली. सासूबाई नव्हत्या.

"वाड्यात असंन. आनखी एक."

पुढची घिरटी. आणखी एक. मग एकदम अंगणात एक वाकलेली बाई आली, कपाळावर हात धरून उभी राहिली. आणि सरस्वती ओरडली, "माय! अवं माय! मी हाओ, सरू!" ती नळीत ओरडत होती. त्यामुळे तो सगळा हंबरडा खाली कोणालाच गेला नाही, तो थेट माझ्या कानात आला. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, ते निदान निम्मं तरी कानामुळे. मी आपण होऊन आणखी एक घिरटी घेतली. तेवढ्यात इंजिन खोकलं. मी पेट्रोलची खूण बघितली. ती तळाला गेली होती.

इंजिन बंद पडलं आणि इतकं शांत झालं, की खालचा कोंबडा ऐकू आला. पंख्याची पाती थांबलेली, तारांमधून वारा हळूच वाहतोय, आणि आम्ही पिसासारखे खाली चाललेलो. तो क्षण फार सुंदर होता. भूगोल शिकवणाऱ्या माणसाला मी शपथेवर सांगेन, की पृथ्वी अशी हळूच जवळ येताना बघावी. फक्त ती कोणाची आहे याची आधी चौकशी करावी. सबंध परिसरात सपाट, हरभरा काढून मोकळं झालेलं एकच वावर होतं, आणि ते उकंडरावाचं होतं.

विमान उतरलं, दोन-तीन गचके खाल्ले आणि काळ्या मातीच्या एका भेगेत चाक घालून उभं राहिलं. कोणाला काही लागलं नाही. उकंडराव हातात कौलाचा तुकडा आणि काठी घेऊन बांधावरून धावत आला. "कोन हाय बे तो? माये कवलं फोडून वर माया वावरात..." आणि पुढच्या बैठकीत बहीण दिसली. तो थांबला. काठी खाली गेली.

"उतर, बाई," तो म्हणाला.

सरस्वती जागची हलली नाही. "मले न्यायले आला काय, दादा?"

"अवं, अठीच तं हाय मी. वावरात उभा हाओ. न्यायले कुठी येऊ?"

"मंग मी बी अठीच हाओ."

उकंडरावाने पटका सारखा केला. कौल फेकलं. परत मागे फिरून तो पार बांधापर्यंत गेला, तिथून वळला, आणि लग्नाच्या वऱ्हाडात चालतात तसा सावकाश, सगळ्या गावादेखत, सबंध वावर ओलांडून आला. "बाई, चाल," तो म्हणाला. "न्यायले आलो तुले." मग सरस्वती उतरली आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. दोघं घराकडे गेली. जाताना उकंडरावाने विमानाकडे पाहिलं, चाकाखालच्या भेगेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही.

मी बसून राहिलो. मातीला पाय लावायचा नव्हता.

गाव माझ्याभोवती जमला. जावई रुसून बसणं हा प्रकार आमच्याकडे नवा नाही. लग्नात जावई रुसतो, मांडवाबाहेर बसतो, त्याला घड्याळ किंवा सायकल कबूल करतात आणि तो उठतो. पण रुसलेला जावई विमानात बसलेला गावाने प्रथमच पाहिला. प्रत्येकाला उपाय माहीत होता. एक म्हणाला, वरवट बकालची माती पोतंभर आणून पसरू, तिच्यावर उतरा. दुसरा म्हणाला, बूट घालून उतरा, मंग पाय कुठी लागते मातीले, बूट लागते. तिसऱ्याने विमानासकट गाडीवर घालून वेशीबाहेर नेऊन ठेवायचं सुचवलं आणि बैल कोणाचे यावरून तिथल्या तिथे वाद सुरू झाला. एका आजींनी दोरीने लोटा वर पाठवला. पाणी गोड होतं. मी आभार मानले, पण बेताने, कारण आपण रागावलेलो आहोत हे दिसलं पाहिजे.

मग पोलीस पाटील पुंजाजी आले. त्यांनी पंचनाम्यासाठी माझा कागद मागितला आणि गावाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचला. "कोणत्याही परिस्थितीत मौजे धामणगाव बढे येथे उतरणार नाही. सही, वामन मास्तर." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मंग हे काय हाय, मास्तर?"

"विमान उतरलं आहे," मी म्हणालो. "मी अजून उतरलेलो नाही."

पुंजाजींनी यावर पुष्कळ विचार केला. "मंग तुमी सध्या कुठी हा म्हनून लिहू? गावात, का गावाबाहेर?" मी म्हणालो, तुम्हीच ठरवा. त्यांनी ती जागा कोरी सोडली आणि बाभळीखाली जाऊन बसले.

ऊन चढलं. मी कोट काढला, मग बूट काढले, मोजे काढले. बाकीच्या ज्या अडचणी माणसाला एका जागी बराच वेळ बसल्यावर येतात त्या सुज्ञ वाचकांनी समजून घ्याव्यात. दुपारी निरोप आला, ताट घरी वाढलं आहे, वावरात येणार नाही. मी कळवलं, मला भूक नाही. वारा घराकडून वावराकडे होता आणि त्यावर वांग्याच्या भाजीचा वास येत होता. वाऱ्यांचा माझा एवढा अभ्यास, पण तो वारा मला अजिबात आवडला नाही.

दरम्यान उकंडरावाने मलकापूरला जाणाऱ्या सरकीच्या ट्रकवरून पेट्रोल मागवलं होतं. माझ्यासाठी नाही, "वावर मोकळं पाह्यजे," असं त्याने पुंजाजींना सांगितलं. पेट्रोल आलं. ते गाळून घ्यावं लागतं, असं मी आकाशाकडे बघत, कोणालाही उद्देशून न बोलता, म्हणालो. कोणाकडेही न बघता उकंडरावाने एका जुन्या लुगड्याचा तुकडा आणवला. विमानाची टाकी वरच्या पंखात, माझ्या डोक्याच्या पुढेच. तो तिवईवर चढून, माझ्या टोपीपासून हातभर अंतरावर, ताक गाळावं तसं पेट्रोल गाळत राहिला आणि आम्ही दोघंही घाटाकडे बघत राहिलो. लोकांनी चाक भेगेतून काढलं आणि भेगांमध्ये माती भरून धावपट्टी सारखी केली. आता मी उडून जाणार, शपथ शाबूत, मान शाबूत. एवढ्यात बांधावरून सासूबाई येताना दिसल्या.

मनकर्णाबाई काठी टेकत आल्या, सरस्वती मागे. गाव बाजूला झाला. सगळ्यांना वाटलं, आता समजूत काढणार. मलाही वाटलं, आणि मी चेहरा तयार केला. पण त्यांनी शपथेचं नाव काढलं नाही, तुपाचं काढलं नाही. त्यांनी विमानाभोवती एक फेरी मारली. बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा पंखावरून हात फिरवला.

"जवाईबापू," त्या म्हणाल्या, "ह्याच्यात मले बसता येते काय?"

"कुठं जायचंय तुम्हाला?"

"जायचं नाई बाप्पा. पाहाचं हाय. सरू म्हंते, वरून माहेर दिसते." त्यांनी काठीने घाटाकडे दाखवलं. "माहं वर हाय. घाटावर. पिंपळखुटा. लग्नात गाडीनं आली तं वळसा घालून दोन दिवस लागले होते."

"नंतर नाही गेलात?"

"न्यायले कोनी राह्यलं नाई. भाऊ गेले. न्यायले आल्याबिगर कसं जाव?" त्या साध्या आवाजात बोलल्या. "सरू झाली नोती तवा गेली होती शेवटची."

मी म्हणालो, बसा. आणखी काय म्हणणार? सरस्वतीने मागून आधार दिला, उकंडराव काठी धरून उभा राहिला आणि सासूबाई चढू लागल्या. आता, या विमानाच्या पंखावर पाय ठेवायची जागा एकच. बाकी सगळं नुसतं कापड. मी वरून सांगू लागलो, "तिथं नको, आई! अलीकडे! त्या काळ्या पट्टीवर!" बारा जणांनी बारा पट्ट्या दाखवल्या. म्हातारीचा पाय कापडावर चालला. तो आत गेला असता तर पाऊल तारांमध्ये अडकून त्या उलट्या पडल्या असत्या. मी बैठकीवरून उडी मारली, त्यांचा पाय दोन्ही हातांनी धरला आणि पट्टीवर नेऊन ठेवला. त्या वर चढल्या, नीट बसल्या, पदर सारखा केला.

मग माझ्या लक्षात आलं, की सगळा गाव माझ्या पायांकडे बघतो आहे. मी अनवाणी होतो. उकंडरावाच्या वावरातली काळी माती घोट्यापर्यंत लागली होती.

"लागले!" बाभळीखालून पुंजाजी ओरडले आणि लिहायला बसले.

"गप राहा बे," वरून सासूबाई म्हणाल्या. "त्यानं माया पाय धरला तं कोनी पाह्यलं नाई. त्याचे पाय बरे दिसले तुमाले!"

मी लाल झालेल्या कानांनी मागच्या बैठकीत चढलो. पण पंखा हाताने फिरवल्याशिवाय हे इंजिन चालू होत नाही, आणि फिरवणाऱ्याने चालवणाऱ्याला कळ बंद की चालू ते ओरडून विचारायचं असतं, नाहीतर हात जातो. मी रीत सांगितली. उकंडराव पंख्यापुढे जाऊन उभा राहिला. आता त्याला माझ्याकडे बघावंच लागलं.

"बंद?" त्याने विचारलं.

"बंद," मी म्हणालो.

त्याने पंखा फिरवून घेतला. "चालू?"

"चालू. आणि हात जपा, उकंडराव."

"हाव," तो म्हणाला. "तुमी माय जपा."

इंजिन पहिल्या झटक्याला लागलं.

आम्ही वर गेलो. ऊन कललं होतं. मी नाक घाटाकडे वळवलं आणि चढत राहिलो. डोंगराच्या कडा खालून सरकत गेल्या, मग पळसाचं लाल झालेलं रान, मग एकदम सपाटी. सासूबाईंनी पदराचं टोक दातांत धरलं होतं. मला वाटलं, अजून वेळ आहे, तोवर त्यांना पूर्णा दाखवावी. पण खाली एक पांढरं देऊळ आलं, त्याच्याजवळ विहीर आणि पन्नासएक घरं.

नळीतून आवाज आला, "हे काय?"

"पिंपळखुटा, आई."

"नाई बाप्पा. आत्ता तं निंगालो."

"हेच आहे."

त्या बाहेर वाकून बघत राहिल्या. मी विमान तिरपं करून गावाभोवती नेलं. मान वळवली तर मागे, डोंगराच्या धारेपलीकडे, धामणगाव दिसत होतं, आणि वावरातली माणसंही.

"महादेवाचं देऊळ, ते," त्या म्हणाल्या. "अन् त्या तिकडं मांगं... ते आपलं धामनगाव होय?"

"हो."

"दोन्ही संगच दिसतेत?"

"वरून दिसतात."

त्यांनी एकदा खाली बघितलं, एकदा मागे. मग त्या हळू म्हणाल्या, "इतलं जवळ होतं काय?"

मी भूगोलाचा मास्तर आहे. अंतरं कशी मोजतात ते मी दरवर्षी शिकवतो. मी म्हणालो, "रस्ता घाटाला वळसा घालून जातो ना, आई, म्हणून लांब पडतं." उत्तर बरोबर होतं. ते दिल्यावर मला इतकं वाईट वाटलं, की मी गॉगल कपाळावरून डोळ्यांवर ओढला.

खाली एका अंगणात कोणी बाई धुणं वाळत घालत होती. तिने वर बघितलं. ती सासूबाईंना ओळखत असणं शक्य नव्हतं. तिच्या जन्माआधीच्या गोष्टी या. तरी सासूबाईंनी हात बाहेर काढून हलवला, आणि त्या बाईनेही ओला हात वर केला.

"आणखी थोडं थांबू या?" मी विचारलं. "पेट्रोल आहे."

"नाई," सासूबाई म्हणाल्या. "फिरवा आता वापस. माही लेक माहेरी आली हाय. तिच्यासाठी सैपाक कराचा हाय. अन् तुमी बी सकाळपासून उपाशी हा."

मी विमान वळवलं.